प्लाझ्मा ग्लोबची पॉवर कमी-जास्त केली की उजेडात नक्की काय बदलतं, आणि ते नीट कसं बघायचं

प्लाझ्मा ग्लोब म्हणजे वायू भरलेला तो काचेचा गोळा, ज्यात मधल्या छोट्या गोळ्यापासून काचेपर्यंत विजेचे चमकते धागे नाचतात. त्याबद्दल हमखास येणारा प्रश्न म्हणजे मोठा अडॅप्टर लावला तर तो जास्त चमकेल का. नाही चमकणार. अडॅप्टरवर जे १ अँपिअर, २ अँपिअर लिहिलेलं असतं ती त्याची जास्तीत जास्त कुवत असते, ग्लोब त्यातून त्याला लागेल तेवढाच करंट ओढतो, त्यामुळे १२ व्होल्ट १ अँपिअरच्या जागी १२ व्होल्ट ३ अँपिअरचा लावला तरी आतले धागे जसेच्या तसे. फरक पडतो तो व्होल्टेज बदललं की. आणि तिथेसुद्धा पॉवर वाढली म्हणून उजेड वाढला इतकं सरळ गणित नाहीये, कारण वाढलेली पॉवर जाते कुठे हे प्रत्येक टप्प्यावर वेगळं असतं, आधी पहिला धागा पेटण्यात, मग नवीन धागे फुटण्यात, मग ते जाड होण्यात आणि शेवटी शेवटी नुसत्या उष्णतेत. हे टप्पे एकदा ओळखता यायला लागले की नुसतं ग्लोबकडे बघून त्याला किती पॉवर मिळतेय याचा अंदाज येतो, आणि मला विचाराल तर या वस्तूतली खरी मजा तीच आहे.

आत काय चाललेलं असतं ते आधी

हे थोडक्यात सांगतो पण सोडून पुढे जाऊ नका, कारण पुढे जे काही दिसणार आहे त्याचं कारण इथेच आहे. तळातल्या सर्किटमध्ये एक ट्रान्झिस्टर अडॅप्टरकडून आलेला डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, तो फेराइट कोअरच्या ट्रान्सफॉर्मरमधून जातो आणि मधल्या गोळ्यावर साधारण २ ते ५ किलोव्होल्टचा एसी मिळतो, फ्रिक्वेन्सी बहुतेक ३० किलोहर्ट्झच्या आसपास. बाहेरच्या काचेत भरलेला असतो निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन यांच्यापैकी काहींचा मिश्र वायू.

आता काचेतून डीसी जात नाही, मग सर्किट पूर्ण होतं कसं? काच म्हणजे इथे कपॅसिटरचा मधला थर आहे. आतला प्लाझ्मा (म्हणजे वीज वाहून नेणारा चमकता वायू) ही एक प्लेट आणि बाहेरची खोली, टेबल, तुमचा हात ही दुसरी. एसी असल्यामुळे कपॅसिटरमधून करंट वाहतो आणि तो किती हे काढता येतं, २ गुणिले ३.१४ गुणिले फ्रिक्वेन्सी गुणिले कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेज. समजा कपॅसिटन्स ५ पिकोफॅरड, फ्रिक्वेन्सी ३० किलोहर्ट्झ आणि ३ किलोव्होल्ट धरले तर २.८ मिलिअँपिअर येतात. म्हणजे अगदी थोडका करंट, पण या तिन्हीपैकी काहीही दुप्पट केलं तर करंटही साधारण दुप्पट.

आणि याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे धागा सलग पेटलेला नसतोच. एका अर्ध्या सायकलमध्ये वायू फुटतो (म्हणजे त्यातून वीज वाहायला लागते), चार्ज धावत जाऊन काचेच्या आतल्या बाजूला साचतो, साचलेला चार्ज उलटा जोर लावतो आणि धागा विझतो, मग पुढच्या अर्ध्या सायकलमध्ये दिशा उलटते तेव्हा तोच साचलेला चार्ज मदतीला येतो आणि धागा परत त्याच वाटेने पेटतो. ३० किलोहर्ट्झला हे सेकंदाला ६० हजार वेळा होतं म्हणून डोळ्याला सलग दिसतं. काच अशी आपोआप लगाम घालते म्हणूनच ग्लोबमध्ये सगळा करंट एका जागी धावून जाडजूड आर्क होत नाही. याच प्रकारचा डिस्चार्ज वेर्नर फॉन सीमेन्सने १८५७ मध्ये ओझोन बनवायला वापरला होता, आणि त्यात पॉवरचा हिशोब कसा लागतो हे १९४३ मध्ये मॅन्ली नावाच्या संशोधकाने मांडलं: पॉवर फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेज पेटण्याच्या पातळीच्या जितकं वर जाईल तितकी वाढते, त्या पातळीच्या खाली काहीच नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, अर्धा प्रयोग त्यावरच चालतो.

काय काय लागेल

ग्लोब कुठल्या प्रकारचा आहे ते तळाचं लेबल वाचून बघा. छोटे ५ व्होल्टच्या यूएसबीवर किंवा चार सेलवर चालतात, मोठे बहुतेक १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर. हे दोन्ही प्रकार चालतील. थेट मेन्सची वायर आत जाणारा असेल तर पॉवर बदलायच्या भानगडीत पडू नका, हातानेच काय ते प्रयोग करा. आणि कुठल्याही ग्लोबच्या अडॅप्टरला पंख्याचा किंवा दिव्याचा डिमर लावायचा नाही, आजकालचे अडॅप्टर आत स्वतःच व्होल्टेज सांभाळतात त्यामुळे डिमरने उजेड कमी होत नाही, उलट अडॅप्टर खराब होतो.

व्होल्टेज बदलायला करंट लिमिट असलेला बेंच पॉवर सप्लाय (हवं तेवढं व्होल्टेज देणारं टेबलावरचं यंत्र) सगळ्यात चांगला. नसेल तर व्होल्टेज कमी करणारं बक कन्व्हर्टर मॉड्यूल आणि मल्टीमीटर, यूएसबी ग्लोबसाठी मधे लावायचा यूएसबी मीटर. मॅन्युअल मोड असलेला कॅमेरा किंवा फोन आणि तो ठेवायला स्टँड. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची वेव्ह पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर फारच छान, नसला तरी अडत नाही.

एक सूचना जी कुणी सांगत नाही: ग्लोबच्या जवळ ठेवलेले मीटर खोटं बोलतात. त्याच्या विद्युत फील्डमुळे डिजिटल मल्टीमीटरचे आकडे नाचतात, यूएसबी मीटर कधी कधी रीसेट होतो, टचस्क्रीन आपोआप क्लिक करायला लागते. तेव्हा एक मीटरची एक्स्टेन्शन वायर घ्या आणि सगळी मीटरं ग्लोबपासून लांब ठेवा. आकडा वाचताना हात ग्लोबपासून दूर, कारण हात जवळ आला की करंट खरंच बदलतो.

सुरू करायच्या आधी हे पाळाच: लेबलवर लिहिलेल्या व्होल्टेजच्या वर कधीही जायचं नाही, आपण फक्त खाली येणार आहोत. काचेवर नाणं, फॉइल, पिन काही ठेवायचं नाही, धातूच्या कडेवरून ठिणग्या उडतात, बोट भाजतं आणि काच एका जागी तापून तडकू शकते. एक हात ग्लोबवर असताना दुसऱ्या हाताने अर्थ केलेल्या धातूला हात लावायचा नाही. पेसमेकर असलेल्या माणसाने जवळ यायचं नाही. जवळपास स्पिरिट, थिनर असं काही उघडं नको. तळ उघडून मल्टीमीटरची पिन हाय व्होल्टेजच्या बाजूला लावायचा विचारसुद्धा नको, मल्टीमीटर त्यासाठी बनलेलाच नसतो. आणि काचेला बारीकशी जरी चीर दिसली तरी प्लग काढा, तो ग्लोब प्रयोगासाठी बाद.

पहिलं रीडिंग

लेबलवरच्या पूर्ण व्होल्टेजला ग्लोब चालू करा आणि दहा मिनिटं तसाच सोडा. थंड ग्लोब आणि तापलेला ग्लोब वेगळे वागतात, तापल्यावर सर्किटचा करंट थोडा सरकतो, त्यामुळे सगळी रीडिंग तापल्यानंतरच घ्यायची. तेवढ्या वेळात खोलीत अंधार करून बसा म्हणजे डोळेही सरावतात.

मग व्होल्टेज आणि करंट लिहून घ्या. दोघांचा गुणाकार म्हणजे वॅट, १२ व्होल्टला अर्धा अँपिअर असेल तर ६ वॅट. ही सगळी पॉवर प्लाझ्मात जात नाही हे लक्षात असू द्या, ट्रान्झिस्टर आणि ट्रान्सफॉर्मर तापण्यात बरीचशी जाते (तळाला हात लावून बघा, कोमट लागेल), पण एकाच ग्लोबची स्वतःशीच तुलना करायची असल्यामुळे हा आकडा पुरतो.

बेंच सप्लायवर करंट लिमिट आत्ता लिहिलेल्या करंटच्या किंचित वर सेट करा. मधेच करंट लिमिटचा दिवा लागला तर ते रीडिंग टाकून द्या कारण तेव्हा सप्लायने स्वतःच व्होल्टेज खाली ओढलेलं असतं.

इथेच डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टीही लिहा. धागे साधारण किती, बारीक की जाड, सरळ की वर वाकलेले, मधल्या भागाचा रंग कोणता आणि काचेला टेकतो तिथला कोणता, मधल्या गोळ्याभोवती पसरट चमक आहे का.

हळूहळू खाली या

आता व्होल्टेज अर्धा-अर्धा व्होल्टने कमी करा, यूएसबीवाल्याला पाव व्होल्टने. प्रत्येक पायरीला अर्धा मिनिट थांबा. बहुतेक स्वस्त सर्किटांमध्ये आउटपुट व्होल्टेज इनपुटच्या मागे मागे जातं आणि करंटही कमी होतो, त्यामुळे पॉवर व्होल्टेजपेक्षा खूप झपाट्याने पडते. ढोबळ अंदाज म्हणून वर्ग धरा: १२ वरून ९ व्होल्टवर आलात म्हणजे व्होल्टेज ७५ टक्के पण पॉवर ५६ टक्क्यांच्या आसपास. तुमच्या सर्किटचं खरं उत्तर मीटर सांगेलच, आणि ते ५६ पासून किती लांब आहे यावरून सर्किट कसं वागतंय तेही कळतं.

बघायचं काय? पहिल्या काही पायऱ्यांमध्ये उजेडात फार फरक वाटणार नाही, धागे फक्त जरा शांत होतात, वळवळ कमी होते. मग एक एक धागा गळायला लागतो. आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो कारण उरलेले धागे फिके होत नाहीत, आकडाच कमी होतो. म्हणजे ग्लोब आपली पॉवर धाग्यांच्या संख्येत वाटतो, एकेका धाग्याची चमक त्या मानाने कमी बदलते. कारण वर सांगितलं तेच, एक धागा काचेच्या एका छोट्या भागालाच चार्ज करतो आणि तो भाग भरला की तो धागा विझतो, जास्तीचं व्होल्टेज असेल तर ते काचेच्या दुसऱ्या रिकाम्या भागाकडे नवीन धागा काढतं. आणि दोन धागे एकमेकांच्या जवळ का येत नाहीत तेही यातच आलं, दोघांचे चार्ज सारखे म्हणून ढकलाढकली.

अजून खाली या. दोन धागे, मग एक, मग एखादा अर्धवट धागा जो काचेपर्यंत पोचतो न पोचतो, मग फक्त मधल्या गोळ्याभोवती जांभळट धुकं, मग काहीच नाही. ज्या व्होल्टेजला शेवटचा धागा गेला ते लिहा.

आता उलटं या, हळूहळू वाढवत. इथे लक्ष द्या, ज्या व्होल्टेजला धागा विझला होता त्याच व्होल्टेजला तो परत पेटत नाही, थोडं वर जावं लागतं. समजा ६ ला विझला तर ७ ला पेटेल, असं काहीतरी. पेटलेल्या वाटेवर आयन (चार्ज असलेले अणू) उरलेले असतात, तिथला वायू गरम म्हणून विरळ असतो आणि काचेवर आधीचा चार्ज असतो, या तिन्ही गोष्टी पुढच्या वेळी पेटायला मदत करतात, आणि एकदा सगळं थंड झालं की ती मदत संपते. ही दरी किती मोठी आहे ते दोन-तीनदा वर-खाली करून मोजा.

एक खबरदारी. खूप खालच्या व्होल्टेजला काही सर्किटांचा ऑसिलेटरच (डीसी चालू-बंद करण्याचं काम) बंद पडतो पण ट्रान्झिस्टर मात्र करंट खात बसतो आणि तापतो. धागे नाहीत, मधल्या गोळ्याभोवती चमक नाही आणि मीटरवर करंट मात्र बऱ्यापैकी दिसतोय असं झालं तर तिथे रेंगाळू नका, लगेच बंद करा.

उजेड मोजायचा कसा

डोळ्यावर विश्वास ठेवू नका, उजेड दुप्पट झाला तरी डोळ्याला जेमतेम थोडा जास्त वाटतो. फोनच्या ऑटो मोडवर तर अजिबातच नाही, तो प्रत्येक फोटो सारखाच उजळ करून देतो आणि तुम्हाला वाटतं काहीच बदललं नाही. मॅन्युअल मोडमध्ये आयएसओ (सेन्सर किती संवेदनशील ते) ४००, व्हाइट बॅलन्स फिक्स, फोकस फिक्स, शटर १/३० पासून सुरुवात, आणि स्टँडवरून हलवायचं नाही.

सॉफ्टवेअर वगैरे न वापरता मोजायची सोपी युक्ती अशी की शटरलाच मोजपट्टी करा. कमी पॉवरला १/३० ने एक फोटो काढा. जास्त पॉवरला १/६० ने काढा. दोन्ही सारखे दिसले तर उजेड दुप्पट झाला, १/१२० ला सारखे दिसले तर चौपट. मधल्या शटर स्पीडनी मधले आकडे. धाग्याचा मधला भाग फोटोत पांढराफटक होऊ द्यायचा नाही, पांढरा झाला म्हणजे सेन्सर भरला आणि तुलना संपली, सगळ्या फोटोंसाठी आयएसओ कमी करा.

धाग्यांची संख्या मोजायला वेगळा फोटो लागतो. लांब शटरमध्ये एकच धागा सरकत सरकत चार ठिकाणी उमटतो आणि ग्लोब भरगच्च दिसतो, सुंदर दिसतो पण खोटा आकडा देतो. त्यासाठी १/१०० किंवा त्याहून जलद शटर आणि आयएसओ वाढवून, प्रत्येक पायरीला पाच-सहा फोटो, मग सरासरी.

हे सगळं वॅटच्या समोर मांडलं की ग्राफ सरळ रेषेत येत नाही. खाली शून्य, मग एकदम उडी, मग बराच वेळ धागे वाढत जातात तसा चढ, आणि वरच्या टोकाला रेषा आडवी व्हायला लागते, वॅट वाढतात पण उजेड फारसा नाही. तिथे जास्तीची पॉवर वायू आणि सर्किट तापवण्यात चाललीय. ग्लोब रोज तासन् तास चालू ठेवायचा असेल तर माझ्या मते व्होल्टेज या आडव्या भागाच्या जरा खाली ठेवावं, धागे बारीक आणि लांब राहतात, वळवळ नाही, आणि ट्रान्झिस्टरही गार राहतो. पूर्ण पॉवरला दिसतं ते भरगच्च खरं, पण एकेक धाग्याचा आकार बघायला मिळत नाही.

उष्णता दिसते ती अशी

पॉवर वाढवली की धागे वरच्या बाजूला कमानीसारखे वाकायला लागतात, हळूहळू वर चढतात, माथ्याजवळ जाऊन तुटतात आणि खालून नवीन निघतात. कारण धाग्यातला वायू तापून हलका होतो आणि वर जातो, धागा त्या गरम विरळ वाटेलाच चिकटून राहतो कारण तिथे वायू फोडायला कमी फील्ड लागतं. काच बंद असल्यामुळे एकूण वायू तेवढाच राहतो, विरळ होते ती फक्त धाग्याची वाट. हे नक्की उष्णतेमुळेच आहे ना याची खात्री करायची असेल तर ग्लोब बंद करून काळजीपूर्वक आडवा ठेवा, खाली जाड कापड द्या म्हणजे घरंगळणार नाही, आणि चालू करा. धागे तळापासून लांब जात नाहीत, खोलीच्या छताकडेच चढतात. कमी पॉवरला हेच चढणं जवळपास थांबतं. किती सेकंदात एक धागा विषुववृत्तापासून माथ्यापर्यंत गेला ते मोजलं तर तोही पॉवरचा एक चांगला माप आहे, स्टॉपवॉचशिवाय काही लागत नाही.

रंग बदलतो का

बदलतो, पण लोक सांगतात तितका नाही आणि अर्धा बदल कॅमेऱ्याचा असतो. रंग मुळात वायू ठरवतो. निऑन लाल-केशरी, आर्गॉन जांभळट, झेनॉन निळसर पांढरा. पण एकाच मिश्रणात कुठला वायू किती चमकेल हे इलेक्ट्रॉनच्या अंगात किती एनर्जी आहे त्यावर आहे. झेनॉनचं आयनीकरण (अणूतून इलेक्ट्रॉन सुटणं) व्हायला १२.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, क्रिप्टॉनला १४, आर्गॉनला १५.८ आणि निऑनला २१.६, म्हणजे निऑन सगळ्यात हट्टी. म्हणून एकाच धाग्यात रंग वेगवेगळे दिसतात, बऱ्याच ग्लोबमध्ये धाग्याचा मधला भाग निळा-जांभळा आणि काचेला टेकतो तिथे गुलाबी, कारण दोन्हीकडे फील्ड आणि करंटची दाटी वेगळी असते. पॉवर बदलली की या दोन रंगांचा वाटा बदलतो.

तपासायचं असेल तर मिलिमीटरला १००० रेषांची डिफ्रॅक्शन ग्रेटिंग शीट (उजेडातले रंग वेगळे करणारी पारदर्शक शीट) कॅमेऱ्यासमोर लावा आणि ग्लोबसमोर काळ्या कागदाची उभी फट ठेवा, काचेला न चिकटवता. आता इंद्रधनुष्याऐवजी वेगवेगळ्या रेघा दिसतील. ६४० नॅनोमीटरजवळची लाल आणि ५८५ ची पिवळी ही निऑनची, ४२० च्या आसपासचा जांभळा घोळका आर्गॉनचा, ५५७ ची हिरवी आणि ५८७ ची पिवळी क्रिप्टॉनची, ४६२ आणि ४६७ च्या निळ्या झेनॉनच्या. कमी आणि जास्त पॉवरला तोच फोटो काढून कुठली रेघ कुठल्या रेघेच्या मानाने उजळली ते बघा. सगळ्या सारख्याच उजळल्या असतील तर रंग बदलला नाही, फक्त उजेड वाढला. हा प्रयोग थोडा वेळखाऊ आहे पण करा, एकदा रेघा दिसल्या की आत कुठला वायू आहे ते तुम्हाला खोक्यावर वाचावं लागत नाही.

वायूमुळे आणखी एक फरक: झेनॉन-क्रिप्टॉनसारखे जड वायू उष्णता लवकर बाहेर जाऊ देत नाहीत म्हणून धागे बारीक, आखीव आणि तेजस्वी, तर निऑन जास्त असेल तर धागे फुगीर आणि पसरट. त्यामुळे दोन वेगळ्या ग्लोबची वॅटवरून तुलना करायला जाऊ नका.

हात लावला की

काहीही सेटिंग न बदलता पॉवर बदलायचा हा उपाय. माणसाचं शरीर जमिनीच्या तुलनेत साधारण १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आहे, म्हणजे बोट ठेवलं तिथे काचेमागे करंटला एकदम मोठी वाट मिळते आणि सगळे धागे एकत्र येऊन तिथे एक जाड धागा होतो. आता मीटर दुसऱ्या कुणाला वाचायला सांगा. एक बोट, चार बोटं, पूर्ण तळवा असं करत प्रत्येक वेळी करंट लिहा. बाकीचे धागे मंदावतात हेही दिसेल, म्हणजे एका जागी दाटलेला उजेड हा मुख्यतः दुसरीकडून आलेला असतो, थोडासाच सप्लायमधून नवीन आलेला. जाड धाग्याखाली काच तापते म्हणून एकाच ठिकाणी बोट दाबून बसू नका, काही सेकंद पुरे.

फ्रिक्वेन्सी

काही ग्लोबना नॉब असतो. तो व्होल्टेज बदलतो की फ्रिक्वेन्सी ते आधी ओळखा. ऑसिलोस्कोपचा प्रोब कशालाही न जोडता ग्लोबपासून ३० सेंटिमीटरवर स्टँडवर नुसता टांगून ठेवा, हवेतूनच वेव्ह पकडतो. उंची म्हणजे आउटपुट व्होल्टेजचं तुलनात्मक माप, लांबी म्हणजे फ्रिक्वेन्सी, दोन्ही एकाच वेळी कळतं आणि हाय व्होल्टेजला हात लावावा लागत नाही. वेव्ह फार मोठी दिसली तर प्रोब अजून लांब न्या. स्कोप नसेल तर गोल डायलचा एएम रेडिओ जवळ आणा, डायल फिरवताना ठराविक अंतरावर गुणगुण येते, ६०० ला आली, ६३० ला आली, ६६० ला आली तर फ्रिक्वेन्सी ३० किलोहर्ट्झ.

फ्रिक्वेन्सी वाढवली की सेकंदाला जास्त वेळा डिस्चार्ज होतो, म्हणून त्याच व्होल्टेजलाही पॉवर वाढते आणि धागे जाड, मऊ कडांचे होतात, दोन डिस्चार्जच्या मधे थंड व्हायला वेळच मिळत नाही. व्होल्टेज वाढवून मिळणारा जास्तीचा उजेड आणि फ्रिक्वेन्सी वाढवून मिळणारा जास्तीचा उजेड दिसायला असे वेगळे असतात, एकात संख्या वाढते, दुसऱ्यात जाडी. साध्या सर्किटमध्ये मात्र हात लावल्यावर कपॅसिटन्स बदलून फ्रिक्वेन्सीही थोडी सरकते, तेव्हा नॉबचं माप घेताना हात लांब.

ग्लोब आपोआप मंद झाला असेल तर

आधी इनपुटचं व्होल्टेज ग्लोब चालू असताना मोजा, नुसत्या मोकळ्या अडॅप्टरचं नाही. मोकळा असताना १२ दाखवणारा थकलेला अडॅप्टर लोड आला की ९ वर बसतो, आणि ९ ला काय दिसतं ते आता तुमच्याकडे लिहिलेलं आहेच. फोटोत आडवे पट्टे दिसत असतील, आणि खोलीतले बाकी दिवे बंद असतील, तर अडॅप्टरचा फिल्टर कपॅसिटर गेलाय, मेन्सची थरथर ग्लोबपर्यंत पोचतेय. सेलवर चालवत असाल तर चार नवीन अल्कलाइन सेल ६ व्होल्टला सुरू होऊन सतत उतरत जातात, रीचार्जेबल चार सेल ४.८ ला, म्हणजे सुरुवातीला उजेड जरा कमी पण बराच वेळ तेवढाच टिकतो, त्यामुळे प्रयोगाला रीचार्जेबल बरे. व्होल्टेज बरोबर आहे, करंट पहिल्या रीडिंगपेक्षा बराच कमी आहे आणि धागेही कमी, तर दोष तळातल्या सर्किटमध्ये.

आवाजाचा मोड

काही ग्लोबमध्ये आवाजावर चालणारा मोड असतो. या मोडमध्ये मायक्रोफोन ऑसिलेटरला आवाजाबरोबर चालू-बंद करतो, त्यामुळे मीटरवर दिसणारी पॉवर ही सरासरी असते आणि ती उजेडाशी जुळत नाही, प्रत्येक ठोक्याला मिळणारं व्होल्टेज पूर्णच असतं. इथे मोजण्यापेक्षा बघण्यासारखं जास्त आहे. खोली शांत करा आणि एकच टाळी वाजवा, मग सलग आवाज करा. टाळीला निघालेल्या धाग्याला वायू तापवायला वेळ मिळालेला नसतो, त्यामुळे तो सरळ जातो की वाकतो ते बघा, आणि सलग आवाजात किती वेळाने कमान यायला लागते ते १२० किंवा २४० फ्रेमच्या स्लो मोशन व्हिडिओत मोजा. जी पॉवर पूर्ण वेळ दिल्यावर धागे माथ्याकडे पळत होते तीच पॉवर तुकड्या-तुकड्यांनी दिल्यावर ते कुठे थांबतात, हे व्होल्टेज दोन-तीन वेगवेगळ्या पायऱ्यांना ठेवून करून बघा.